हमीची मुदत आणि ग्राहकाचा हक्क

‘मुदत संपली आहे’ हे तीन शब्द दुकानाच्या काउंटरवरून ऐकू आले की आपल्याकडील चांगला सुशिक्षित गृहस्थसुद्धा न्यायाधीशाचा निकाल ऐकावा तसा ते ऐकतो आणि मुकाट्याने मागे फिरतो. वस्तू घेऊन चौदा महिने झाले, हमी एकाच वर्षाची होती, मग बोलण्यासारखे उरले काय, अशी तो स्वतःचीच समजूत घालतो. घरी गृहिणीने विचारले तर तिलाही हेच ऐकवतो. पुढे दुरुस्तीचे पाच-सहा हजार रुपये महिन्याच्या खर्चातून कसे बाहेर काढावयाचे, हा प्रश्न मात्र बहुधा त्या गृहिणीलाच सोडवावा लागतो.

ही समजूत कितपत खरी आहे, हे येथे पाहावयाचे आहे. आमचे म्हणणे असे की, हमीपत्रावर छापलेली मुदत ही कंपनीने आपण होऊन दिलेल्या एका वचनाची मुदत असते. कायद्याने ग्राहकाला जो हक्क दिला आहे त्याची ती मुदत नव्हे. मात्र या म्हणण्याला काही मर्यादा आहेत आणि त्या ध्यानात न घेता भांडावयास निघालेला ग्राहक तोंडघशी पडतो. म्हणून हक्काइतकाच त्या मर्यादांचाही विचार करावा लागेल.

नाशिककरांना या गोष्टीचे मूळ समजावून सांगण्यास फार दूर जावयास नको. आपला भांडी बाजारच घ्या. तेथे तांब्याचा हंडा घेणारा मनुष्य तो आधी उचलून पाहतो, बोटाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो, उजेडासमोर धरून झाळ नीट बसली आहे की नाही ते न्याहाळतो, फारच चिकित्सक असेल तर पाणी भरून बघतो. तांबट काही छापील हमीपत्र देत नाही. पण वस्तू सगळी डोळ्यांसमोर असते, तिच्या पोटात लपलेले काही नसते, आणि उद्या हंडा फुटलाच तर मोडीत घातल्यावर तांब्याचे पैसे तरी परत येतात. अशा बाजारात ‘घेणाऱ्याने आपले आपण पाहून घ्यावे’ हा जुना इंग्रजी दंडक अन्यायाचा म्हणता येणार नाही.

आता हाच गृहस्थ दसऱ्याला कॉलेज रोडवरच्या एखाद्या दुकानात फ्रिज घ्यावयास जातो. त्याही यंत्रात तांब्याची नळी असते, तिलाही झाळ दिलेली असते. पण ती पत्र्याच्या मागे, कॉम्प्रेसरच्या आडोशाला. तेथे टिचकी कोठे मारणार आणि नाद कसला ऐकणार? दरवाजा उघडून मिटणे, रंग पाहणे आणि विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर विसंबणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. आपला माल विक्री अधिनियम १९३० सालचा आहे. त्यापूर्वी हा विषय १८७२ च्या करार कायद्याच्या एका प्रकरणात होता, आणि १९३० चा कायदा १८९३ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर रचला गेला. त्याच्या सोळाव्या कलमाचा आरंभ ग्राहकाला निरुत्साही करणारा आहे. मालाच्या दर्जाविषयी कोणतीही अध्याहृत हमी नाही, असे ते प्रथम सांगते. मात्र लगेच अपवाद देते, आणि आपल्या कामाचे आहेत ते अपवादच. त्या प्रकारचा माल विकण्याचा ज्याचा धंदा आहे त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो बाजारात विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट कोणी न लिहिता, न बोलताही त्या सौद्यात असतेच. ग्राहकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता त्याबद्दल त्याला मागाहून तक्रार करता येत नाही. हंड्याचे छिद्र पाहूनही हंडा घेतला तर बोलावयास जागा नाही; फ्रिजच्या पाठीतली कच्ची झाळ दिसणे शक्यच नव्हते, म्हणून तेथे जागा आहे. याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, विक्रेत्याने उघड अशी एखादी हमी दिली, तर तेवढ्याने ही अध्याहृत अट नाहीशी होत नाही. दोन्हींमध्ये विरोध असेल तरच ती बाजूला पडते.

एक वर्षाचे हमीपत्र म्हणजे ही उघड हमी. ते म्हणते, ‘वर्षभरात काही बिघडले तर कारण फारसे न विचारता आम्ही दुरुस्त करून देऊ.’ वर्ष संपले की हे वचन संपते. पण विकतानाच वस्तू सदोष होती काय, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

येथे चतुर वाचक विचारील की, कंपन्या इतक्या भोळ्या असतात काय? नसतात. त्याच कायद्याचे बासष्टावे कलम उभयपक्षी स्पष्ट करार करून अध्याहृत अटी वगळण्याची मुभा देते, आणि हमीपत्राच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘याव्यतिरिक्त आमच्यावर कोणतीही जबाबदारी नाही’ हे वाक्य छापलेले असते ते याच आधारावर. खोके घरी आणून उघडल्यावर जे ग्राहकाच्या दृष्टीस पडते त्याला ‘उभयपक्षी करार’ म्हणावे काय, हा वादाचा मुद्दा आहे. आमच्या मते म्हणू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच आणली, आणि अशा अटी रद्द ठरविण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला. हा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही, ही त्यातील उणीव होय. घरगुती वस्तूंची भांडणे जिल्ह्यातच चालतात, राज्य आयोगापुढे सहसा जात नाहीत.

असो. जिल्हा आयोगाच्या हाती तेवढ्यासाठी दुसरे चांगले हत्यार आहे, ते म्हणजे ‘दोष’ या शब्दाची व्याख्या. १९८६ च्या पहिल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती होती आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही आहे. कोणत्याही कायद्यान्वये, किंवा करारान्वये, किंवा व्यापाऱ्याने केलेल्या दाव्याप्रमाणे जो दर्जा राखला पाहिजे त्यात राहिलेली उणीव म्हणजे दोष. आणि करार ‘उघड असो वा अध्याहृत असो’, असे तेथे स्पष्ट शब्द आहेत. १९३० च्या कायद्यातील ती न बोललेली अट या शब्दांतून ग्राहक कायद्यात शिरते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या व्याख्येत हमीपत्राच्या मुदतीचा उल्लेख कोठेही नाही.

हे कायदे आपोआप झाले असे कोणी समजू नये. मुंबईत १९६६ साली नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, आणि पुढील वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करून वाटून घेण्यापासून या लोकांनी आरंभ केला. साखर-डाळीच्या वजनापासून निघालेली ही चळवळ २४ डिसेंबर १९८६ च्या कायद्यापर्यंत पोचली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

आता मुख्य अडचणीकडे वळू. समजा, सिडकोतील एका गृहस्थाने चोवीस हजारांचा फ्रिज घेतला आणि चौदाव्या महिन्यात तो थंड करीनासा झाला. मेकॅनिक येतो, म्हणतो, ‘गॅस गेला.’ गॅस गेला हे खरे, पण कोठून गेला? सगळा निकाल या एका प्रश्नावर अवलंबून आहे. कारखान्यात दिलेली झाळ कच्ची होती आणि तेथून तो वर्षभर थोडाथोडा पाझरत राहिला असेल, तर दोष जन्मजात होय. तो खरेदीच्या दिवशीच त्या यंत्रात होता, फक्त दिसला चौदाव्या महिन्यात. उलट घरातल्या कोणी बर्फ सुटत नाही म्हणून सुरीने खरवडला आणि नळीला भोक पडले असेल, तर कंपनीकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. दोन्ही वेळा मेकॅनिकच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते ते मात्र एकच: ‘गॅस भरला.’ या दोन शब्दांवर कोणताही आयोग ग्राहकाला न्याय देऊ शकत नाही, आणि पुष्कळ तक्रारी बुडतात त्या येथेच.

हमीच्या मुदतीत व मुदतीनंतर जो खरा फरक पडतो तो हा. मुदतीत असताना बिघाड दाखविला की काम भागते. मुदतीनंतर बिघाडाचे कारण दाखवावे लागते, आणि ते दाखविण्याचा भार ग्राहकावर असतो. म्हणून मेकॅनिककडून चिठ्ठीवर कारण लिहून घ्यावे: गळती नेमकी कोणत्या जागी, झाळीपाशी की नळीच्या मध्यावर, गंज होता की नव्हता. काढलेला भाग त्याला नेऊ देऊ नये. तो पिशवीत घालून, वर तारीख लिहून माळ्यावर ठेवावा. आपल्याकडे ‘जुना पार्ट कशाला हवा, भंगारात तरी जाईल’ म्हणून तो दिला जातो आणि त्याबरोबर पुरावाही जातो. दुरुस्तीपूर्वी छायाचित्र घेतले तर अधिक चांगले. आता घरोघर मोबाइल आहे, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. विजेचा दाब कमी-जास्त झाला, हे कंपनीचे ठरलेले उत्तर असते. स्टॅबिलायझर असेल तर त्याचे बिलही याच पिशवीत असू द्यावे.

दोष उघड्या डोळ्यांनी ठरविण्याजोगा नसेल तर योग्य प्रयोगशाळेकडे वस्तू पाठविण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिला आहे, आणि प्रयोगशाळेने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा आहे. त्याचे शुल्क मात्र तक्रारदाराला भरावे लागू शकते. वस्तू दोन हजारांची असेल तर हा हिशेब आधी करावा.

यंत्रशास्त्र जाणणारे एक गोष्ट सांगतात, ती येथे उपयोगी आहे. एकाच जातीची पुष्कळ यंत्रे घेतली तर ती सारख्या गतीने बिघडत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्यात जन्मजात दोष असतो ती बिघडतात. मग दीर्घ शांततेचा काळ येतो. शेवटी झीज सुरू होते आणि बिघाड पुन्हा वाढतात. चौदाव्या महिन्यातला फ्रिज झिजला असे कोणी म्हणू लागले तर ते सहज पटण्यासारखे नाही, कारण लोक हे यंत्र आठ-दहा वर्षे चालावे म्हणून घेतात. हा काही कायदेशीर पुरावा नव्हे, पण युक्तिवादाला बळ देणारी गोष्ट आहे. याच न्यायाने मिक्सरचे कार्बन, फ्रिजच्या दाराचे रबर, क्षार साचून जळालेली गीझरची कॉइल यांबद्दल तक्रार घेऊन जाणाऱ्याची बाजू लंगडी असते. जे झिजण्यासाठीच घातले आहे ते झिजले, तर तो कोणाचाच अपराध नाही.

इतर देशांनी हा पुराव्याचा भार काहीसा हलका केला आहे. ज्या इंग्लंडकडून आपण १९३० चा कायदा घेतला, तेथे २०१५ च्या कायद्यान्वये पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरतात, आणि ग्राहकाचा हा वैधानिक हक्क कराराने काढून घेता येत नाही. दावा करण्याची मुदत तेथे सहा वर्षांची आहे. युरोपीय संघात विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षांची आहे. आपल्याकडे असे गृहीतक नाही. ते असावयास हवे, असे आमचे मत आहे. कारण यंत्र कसे बनविले याची माहिती कारखान्याजवळ असते, ग्राहकाजवळ नव्हे.

आता काळाचा हिशेब. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे गेले पाहिजे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. लपलेल्या दोषाच्या बाबतीत कारण केव्हा घडले, खरेदीच्या दिवशी की दोष उघडकीस आला त्या दिवशी, यावर विरुद्ध पक्ष हटकून वाद घालतो. म्हणून दोष कळताच लेखी तक्रार करावी. कंपनीशी पत्रे आणि ईमेल चालू आहेत तोवर मुदत थांबून राहते, ही समजूत चुकीची आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. वर्ष संपावयास पंधरा दिवस असताना यंत्र थोडे जरी कुरकुरू लागले, तरी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. मुदतीत नोंदलेला आणि न सुटलेला बिघाड मुदतीनंतर ‘नवा’ म्हणून झटकून टाकणे कंपनीला अवघड जाते.

हमीपत्र वाचावयाचे ते मात्र नीट वाचावे. ‘दहा वर्षे हमी’ हे अक्षर पाटीवर मोठे असते. आत पाहावे तर ती दहा वर्षे एकट्या कॉम्प्रेसरची, आणि पुष्कळदा त्यातही मजुरी, गॅस व वाहतूक ग्राहकाच्या माथी. कॉम्प्रेसर फुकट मिळून दुरुस्ती काही हजारांची झाल्याची उदाहरणे आपण सर्वांनीच ऐकली आहेत. ‘गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार’ असे दुकानदार सांगतात, तेही बाजारातले शास्त्र आहे. ग्राहक कायद्यात असा भेद नाही, कागदावर काय लिहिले आहे ते पाहतात. २००६ साली मारुती उद्योग कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचेच वचन असेल तर त्याच्या आधाराने संपूर्ण गाडी बदलून मागता येणार नाही. तो निकाल मोटारीविषयी असला तरी त्यातील तत्त्व गृहोपयोगी वस्तूंना लावले जाणारच.

सदोष वस्तूने माणसाला इजा केली, तर सगळा विचारच वेगळा होतो. गीझर फुटून कोणी भाजले, वायरिंगमधील दोषाने घरातील सामानाला आग लागली, तर २०१९ च्या कायद्यातील उत्पादन-दायित्वाचे प्रकरण लागू पडते. उत्पादनात किंवा रचनेत दोष होता, अथवा वापराच्या पुरेशा सूचना नव्हत्या, एवढे सिद्ध झाले की उत्पादक जबाबदार ठरतो. हमीचे वर्ष संपले होते की नव्हते हा मुद्दा तेथे उरत नाही. मात्र गीझरची स्वतःची किंमत या प्रकरणाखाली मागता येत नाही, तिच्यासाठी दोषाची वर सांगितलेली वाटच धरावी लागते. आणि यंत्रात ग्राहकाने फेरफार केले असतील किंवा त्याचा भलताच वापर केला असेल, तर सगळाच दावा ढासळतो.

एक हक्क असा आहे की जो जवळजवळ कोणीच बजावत नाही. मुदतीनंतर आपण पैसे देऊन दुरुस्ती करून घेतो, तेव्हा एक नवा व्यवहार जन्माला येतो. आता आपण वस्तूचे नव्हे, तर सेवेचे ग्राहक असतो. सहा हजार रुपये घेऊन दुरुस्त केलेले यंत्र तीन आठवड्यांत त्याच कारणाने बंद पडले, तर ती सेवेतील त्रुटी होय, आणि मूळ हमीपत्र कधी संपले याच्याशी तिचा काही संबंध नाही. अट एकच, दुरुस्तीचे बिल हवे. शेदोनशे रुपये वाचतात म्हणून बिनबिलाची दुरुस्ती पसंत करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वार्षिक देखभालीच्या कराराचेही असेच. वाढीव हमी विकत घेताना मात्र ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कोणाची, हे पाहून सही करावी. दुकानात घाईघाईने ती गळ्यात मारली जाते तेव्हा हे सांगावयाचे राहून जाते.

सुटे भाग मिळत नाहीत, ही तर अलीकडची मोठीच तक्रार. अमुक इतकी वर्षे सुटे भाग पुरविलेच पाहिजेत, असा सर्व वस्तूंना लागू पडणारा नियम आपल्याकडे नाही. पण वारे बदलत आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड केला, तो त्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली नाही म्हणून. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याविषयीचे संकेतस्थळ उघडले. त्यात मोबाइल, मोटारी व शेतीच्या अवजारांबरोबर घरगुती यंत्रेही आहेत. ज्या गावात कल्हईवाला दारावर येत असे, त्या गावाला ‘दुरुस्तीचा हक्क’ ही कल्पना परदेशी वाटू नये.

प्रत्यक्ष वाट कशी धरावी? प्रथम विक्रेता व उत्पादक या दोघांनाही लेखी कळवावे. आपला सौदा विक्रेत्याशी झालेला असतो, म्हणून ‘आमचे काम विकण्यापुरते, तुम्ही कंपनीकडे जा’ हे त्याचे उत्तर पुरेसे नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. पुष्कळ कंपन्या तेथे तक्रार जाताच नरम येतात. नच आल्या, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, ज्याला लोक अजून जुन्या सवयीने ‘ग्राहक मंच’ म्हणतात. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, आणि माल घरबसल्या मागविलेला असो, नाशिकच्या रहिवाशाला नाशिकच्याच आयोगाकडे तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याने केलेली मोठी सोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला कोणतेही शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. आपले म्हणणे आपण मांडावे. वस्तू धंद्यासाठी घेतली असेल तर मात्र हे दार सहसा बंद असते. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यालाच तेवढी सूट आहे.

निकाल विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावयाची असल्यास पाच महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात त्याहून पुष्कळ अधिक वेळ जातो, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आयोग दोष दूर करण्यास, वस्तू बदलून देण्यास किंवा किंमत परत करण्यास सांगू शकतो, शिवाय नुकसानभरपाई देववू शकतो. विरुद्ध पक्षाला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण त्यासाठी हुकूम झालेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि अंमलबजावणीही नाही असे झाले, तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. अंमलबजावणीसाठी ग्राहकाने त्याच आयोगाकडे वेगळा अर्ज करावयाचा असतो.